टी-पीस की प्रेशर सपोर्ट? व्हेंटिलेटर काढण्यापूर्वीच्या चाचणीची पार्श्वभूमी

१९५२ च्या पोलिओच्या साथीत कोपनहेगनमध्ये वैद्यकीय विद्यार्थी आळीपाळीने पिशवी दाबून रुग्णांना श्वास देत होते. तिथून पुढे बराच काळ सगळा भर श्वास देण्यावर राहिला. मशीन कधी काढायचे, हे ज्याच्या त्याच्या अंदाजावर चाले. सत्तरच्या दशकात आयएमव्ही (ठरावीक श्वास मशीनचे, मधले रुग्णाचे स्वतःचे) आले आणि मशीनचे श्वास दोन-दोन, चार-चारने उतरवत नेण्याची पद्धत रुजली.

१९९४ आणि १९९५ च्या दोन तुलनांत हीच पद्धत मागे पडली. पण जिंकले कोण? पहिल्या अभ्यासात प्रेशर सपोर्ट (रुग्णाच्या प्रत्येक श्वासाला मशीनने दिलेला दाबाचा आधार) हळूहळू उतरवणे, दुसऱ्यात दिवसातून एकदा टी-पीसवर (मशीन सोडवून श्वासाच्या नळीला जोडलेला टी आकाराचा तुकडा) ठेवून पाहणे. नळी काढण्यापूर्वी रुग्ण स्वतः श्वास घेऊ शकतो का, ही चाचणी कशावर घ्यायची, या आजवरच्या वादाचे मूळ तिथेच आहे.

टी-पीसवर रुग्णाला ऑक्सिजन मिळतो, दाब मिळत नाही. प्रेशर सपोर्टवाल्यांचे म्हणणे असे, की अरुंद नळीतून श्वास ओढणे हीच शिक्षा आहे, म्हणून ५ ते ८ सेंमी पाण्याचा दाब द्यावा. युक्तिवाद अर्धाच खरा आहे. नळी काढल्यावर घसा सुजलेला असतो, त्यामुळे श्वासाचे श्रम टी-पीसवरच्या श्रमांच्या जवळपासच राहतात. शिवाय पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) ५ वर ठेवले, तर कमकुवत डावे हृदय त्या आधारावर तग धरते आणि नळी काढल्यावर तासाभरात फुप्फुसात पाणी भरते. अशा रुग्णाला टी-पीसच लावावा.

१९९१ मध्ये आलेल्या जलद-उथळ श्वासाच्या निर्देशांकाचीही (मिनिटाचे श्वास भागिले एका श्वासाचे लिटर) हीच गत. मिनिटाला ३० श्वास आणि प्रत्येक श्वास ३०० मिली, म्हणजे ३० भागिले ०.३, बरोबर १००. मर्यादा १०५, म्हणून पास. मूळ मोजणी आधाराशिवायची होती. आज ती सर्रास प्रेशर सपोर्ट चालू असताना घेतली जाते, आकडा आपोआप खाली येतो आणि नापास होणारा पास होतो.

२०१९ मध्ये अर्धा तास प्रेशर सपोर्ट ८, पीप शून्य, विरुद्ध दोन तास टी-पीस अशी तुलना झाली. नळी काढून ७२ तास निभावलेले रुग्ण अनुक्रमे सुमारे ८२ आणि ७४ टक्के. मात्र इथे आधार आणि वेळ दोन्ही बदलले होते, हे विसरले जाते. २०२२ मध्ये जास्त जोखमीच्या रुग्णांत तुलना झाली, तेव्हा २८ व्या दिवसापर्यंतच्या व्हेंटिलेटरमुक्त दिवसांत फरक दिसला नाही.

खरा उशीर चाचणीआधीच होतो. रुग्ण मशीन सोडायला तयार आहे का, या रोजच्या तपासणीचा फायदा १९९६ पासून आणि सकाळी आधी सेडेशन (गुंगीचे औषध) थांबवण्याचा २००८ पासून माहीत आहे. तरी गुंगीतल्या रुग्णाची चाचणी ‘उद्या बघू’वर जाते. स्वतःच नळी ओढून काढणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना ती परत घालावी लागत नाही, यातच काय ते आले.

चाचणी पास झाल्यावर तासभर पुन्हा मशीनवर विश्रांती देऊन मग नळी काढण्याची चाल २०१७ च्या अभ्यासानंतर आली. त्यात ४८ तासांत नळी परत घालण्याचे प्रमाण १४ वरून ५ टक्क्यांवर आले होते. थकलेल्या रुग्णाला तेवढा तास द्यायला हरकत नसावी.