कक्षेतील मोडांची पार्श्वभूमी : जवसापासून मेथी-मुगापर्यंत

भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांनी २०२५ च्या जून-जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर केलेल्या सात भारतीय प्रयोगांपैकी मेथी व मूग यांना मोड आणण्याचा प्रयोग कोल्हापूरकरांना विशेष जवळचा वाटावा. तो आखणारे कृषी विज्ञान विद्यापीठ आणि आयआयटी या दोन्ही संस्था बेळगावच्या पुढे धारवाडला आहेत. शिवाय मिसळीच्या या गावात मटकी भिजवून फडक्यात बांधणे कोणाला शिकवावे लागत नाही.

कक्षेत मात्र हीच गोष्ट अवघड होते. मुळाच्या टोकाशी असलेल्या पेशींतील स्टार्चचे जड कण ज्या बाजूला बसतात, ती मुळासाठी खालची दिशा असते. यान सतत मुक्तपणे पडत असल्यामुळे ते कण बसत नाहीत आणि मूळ भरकटते. पाणीही निथळून न जाता मुळांना चिकटून राहते व त्यांची हवा तोडते.

सोव्हिएत संघाने १९७१ मध्ये ‘सॅल्यूत-१’ या अवकाश स्थानकावर जवस उगवून पाहिला. फुलून बी धरण्यापर्यंतची मजल १९८२ मध्ये ‘सॅल्यूत-७’वर अ‍ॅरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील लहानशा रोपाने गाठली. याच स्थानकावर एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा गेले; त्यांच्या कार्यक्रमात भारताच्या भूभागाचे छायाचित्रण आणि योगासनांचा अभ्यास होता.

सर्वाधिक बोलका अनुभव ‘मीर’ या रशियन अवकाश स्थानकाचा. तेथे १९९६-९७ मध्ये बुटक्या गव्हाला भरपूर ओंब्या लागल्या, पण एकीतही दाणा भरला नाही. दोष गुरुत्वाकर्षणाच्या अभावाचा नसून बंदिस्त हवेत साचलेल्या इथिलीन वायूचा निघाला, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातील हाच सर्वांत मोलाचा धडा आहे. पुढे १९९७ मध्ये ‘मीर’वरच अमेरिकी अंतराळवीर मायकेल फोल यांनी मोहरीवर्गीय रोपांचे परागीकरण काडीला चिकटवलेल्या मेलेल्या मधमाशीच्या साहाय्याने केले आणि तिथे तयार झालेले बी तिथेच पुन्हा पेरले. २०१५ मध्ये तर अंतराळवीरांनी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर वाढवलेली लेट्यूसची पाने खाल्ली.

म्हणूनच धारवाडच्या शास्त्रज्ञांना मोड आले की नाही एवढेच पाहायचे नव्हते. शुक्ला यांनी बशीतील मोडांची छायाचित्रे घेऊन ते शीतपेटीत ठेवले. पृथ्वीवर परतलेल्या बियांच्या अनेक पिढ्या वाढवून आनुवंशिकता, त्यांच्यासोबतचे सूक्ष्मजीव आणि पोषणमूल्य यांत कोणता बदल होतो, हे तपासण्याची योजना या शास्त्रज्ञांनी आखली होती.