ढगांच्या फोटोत 'मूड' आला कुठून?

ढगांचा फोटो टाकून खाली 'आजचा मूड' लिहिणं आता नेहमीचंच झालंय, पण फोटोग्राफीत हे यायला फार वेळ लागला आणि त्यातली पहिली अडचण अगदीच टेक्निकल होती. १९व्या शतकातल्या फोटोच्या काचेच्या प्लेट्स निळ्या प्रकाशाला एवढ्या सेन्सिटिव्ह की जमीन नीट यावी इतकं एक्स्पोजर दिलं की आकाश पांढरंफटक! फ्रान्समधला फोटोग्राफर गुस्ताव्ह ल ग्रे १८५०च्या दशकात समुद्र एका निगेटिव्हमधून आणि ढग दुसरीतून घेऊन एक प्रिंट काढायचा, जुगाडच म्हणा ना, पण देखणा.

खरी गोष्ट १९२२ची, न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्जची. अमेरिकन फोटोग्राफर आल्फ्रेड स्टीग्लिट्झ तेव्हा ५८ वर्षांचा, भलताच नावाजलेला. त्याच्या पोर्ट्रेट्सबद्दल लेखक वॉल्डो फ्रँकने असं काहीतरी लिहिलं की हा समोरच्या माणसाला संमोहित करतो म्हणून फोटो असे येतात. झालं, स्टीग्लिट्झला ते झोंबलं आणि त्याने ढगांचेच फोटो काढायला घेतले. ढगांवर कोण मोहिनी घालणार, ते तर सगळ्यांना फुकट, टॅक्सही नाही! त्यात घरी आई मरणाला टेकलेली, इस्टेटीची वाताहत, चेस्टनटची झाडं मरत चाललेली, ३७ वर्षांच्या घोड्याला ७० वर्षांचा कोचमन कसाबसा जगवतोय, हे सगळं त्याने स्वतःच १९२३च्या लेखात लिहिलंय. या फोटोंत लोक अध्यात्म शोधतात, पण मला तर वाटतं यात अध्यात्म कमी आणि चिडचीड नि घरची दुखणी जास्त होती, ते गूढबिढ लोकांनी नंतर चिकटवलं.

पहिल्या सिरीजला त्याने 'म्युझिक' नाव दिलं, कारण संगीतकार अर्नेस्ट ब्लॉखने ती बघून 'अरे हे तर संगीत!' म्हणावं अशी इच्छा होती. मग हातात धरायचा ग्राफ्लेक्स कॅमेरा आला, प्रिंट तळहाताएवढे झाले, क्षितिज गेलं, झाड गेलं, वर-खालीही कळेना. १९२५पासून नाव पडलं 'इक्विव्हॅलंट्स', म्हणजे आपण आत जे जगलो त्याच्या तोडीचं काहीतरी. असे २००च्या वर फोटो आहेत.

आपल्याकडच्या कलेशी जोडलेलं एक नाव इथे भेटतं, आनंद कुमारस्वामी. बोस्टनच्या म्युझियममध्ये भारतीय कला सांभाळणाऱ्या या माणसाच्या पुढाकाराने १९२४ला स्टीग्लिट्झचे २७ फोटो तिथे गेले, मोठ्या म्युझियमने फोटोला कला म्हणून आत घ्यायचे ते दिवसच नव्हते.

नंतर अमेरिकन फोटोग्राफर मायनर व्हाइटने हीच कल्पना दगड, बर्फ, सोलवटलेला रंग यांच्यावर नेली आणि अर्थाची अर्धी जबाबदारी बघणाऱ्यावर टाकली.