हार्डडिस्क जाणे

हार्डडिस्क जाणे म्हणजे कॉम्प्युटरमधली फिरत्या चकत्यांची डिस्क हळूहळू नाहीतर एकदम निकामी होणं. विदर्भाच्या खेड्यापाड्यात "डिस्क उडाली" म्हणून मोकळे होतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो, कारण या एका बोलात तीन वेगळ्या गोष्टी येतात. एक, डिस्क खरोखर मरायला लागलेली असते. दोन, लाइट गेल्यामुळे लिहिता लिहिता एखादा सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा लिहायचा छोटा कप्पा, अर्धवट राहिलेला असतो. तीन, डिस्क ठणठणीत असते, केबल नाहीतर एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा, दगा देत असतो. बाहेरून तिन्ही सारखंच दिसतं, कॉम्प्युटर हँग मारतो, फोल्डर उघडायला पाच मिनिटं घेतो, चालू होताना ते गोल फिरतच राहतं. इलाज तिघांचा वेगळा, पण पहिलं काम एकच, डेटा दुसरीकडे काढून घेणं. नेमकं तेच राहतं आणि लोक आधी विंडोज मारून घेतात.

पहिली हार्डडिस्क आयबीएमने १९५६ मध्ये रॅमॅक या मशीनसोबत आणली, त्यात २४ इंची ५० चकत्या होत्या आणि मावायची साधारण ५० लाख अक्षरं. आजची घरची डिस्क साडेतीन इंची, मिनिटाला ५४०० नाहीतर ७२०० फेरे. वाचणारं-लिहिणारं टोक म्हणजे हेड, ते चकतीला टेकत नाही, हवेच्या थरावर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं, म्हणून चालू मशीनला धक्का लागला की हेड चकतीवर आपटायची भीती असते. जिनिंगच्या हंगामात रुईचे तंतू डिस्कमध्ये शिरतात असं बरेच जण समजतात, तसं नाही, डिस्कच्या हवेच्या भोकाला आतून फिल्टर असतो. तंतू अडकतात ते एसएमपीएसच्या आणि प्रोसेसरच्या पंख्यात, आणि मग गरमी वाढते.

आवाजावरून बरंच कळतं. कॅबिनेटला कान लावला की चांगल्या डिस्कची नुसती बारीक सूंऽऽ ऐकू येते. मरणारी डिस्क चालू झाली की टक, टक, टक असं ठराविक अंतराने करते, मग मोटर बसते, थोड्या वेळाने पुन्हा फिरते, पुन्हा टक टक. म्हणजे हेडला आपली जागा सापडत नाहीये, ते परत परत मागे जाऊन शोधतंय. "काऊन टकटक करून रायली ते?" असं घरात कोणी विचारलं की त्याच क्षणी मशीन बंद करायचं, दहा वेळा चालू-बंद करून पाहायचं नाही. आवाजच नसेल आणि डिस्क फिरतच नसेल तर आधी पॉवरची पिन, मग दुसरा एसएमपीएस लावून बघावं.

आतली तब्येत डिस्कमध्येच असलेल्या स्मार्ट नावाच्या यंत्रणेतून कळते. तिचं मूळ कोणाकडे जातं यावर दोन मतं आहेत. एका मताने मान आयबीएमचा, तिने १९९२ मध्येच आपल्या मोठ्या मशीनच्या डिस्कमध्ये बिघाडाचा आगाऊ इशारा द्यायची सोय केली होती, पण तो इशारा फक्त ठीक आहे की जाणार आहे एवढाच सांगायचा. दुसऱ्या मताने खरी सुरुवात कॉम्पॅकची, तिने डिस्क कंपन्यांना सोबत घेऊन इंटेलिसेफ ही पद्धत काढली आणि १९९५ मध्ये ती मानकासाठी पुढे ठेवली. त्यात डिस्क आपले आकडे स्वतः मोजते, मर्यादा डिस्क बनवणारा ठरवतो आणि आकडे कॉम्प्युटरला वाचता येतात. आज आपण जे बघतो त्याचा सांगाडा हाच, त्यामुळे कल्पना आयबीएमची आणि रूप कॉम्पॅकचं म्हणणं जास्त बरोबर वाटतं.

हे आकडे क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतात, निळा रंग चांगला, पिवळा सावध, लाल वाईट. नुसत्या रंगावर जाऊ नये, चार ओळी वाचाव्यात. ०५ म्हणजे खराब म्हणून बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आल्याने ताटकळत ठेवलेले, सी६ म्हणजे तपासणीतही न सुधारलेले, आणि सी७ म्हणजे केबलमधून जाता-येता झालेल्या चुका. आकडे दहाच्या नाही तर सोळाच्या पद्धतीने (हेक्साडेसिमल) लिहिलेले असतात, त्यात ए म्हणजे १०, बी म्हणजे ११, सी म्हणजे १२, शेवटी १सी दिसलं तर ते २८ होतात, इथे भले भले फसतात. नुसता सी७ वाढत असेल तर डिस्क बदलायच्या आधी डिस्कला बोर्डाशी जोडणारी साटा केबल बदलून बघा, काम होऊन जातं. आणि सगळं निळं आहे म्हणून निर्धास्त राहू नये. गूगलच्या इंजिनियरांनी २००७ मध्ये एक लाखाच्या वर डिस्कचा अभ्यास छापला, त्यात बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कवर त्यांनी धरलेल्या मुख्य चार खुणांपैकी एकही आधी दिसली नव्हती. उलट तपासणीत पहिली चूक सापडली की ६० दिवसांत डिस्क जायची शक्यता चूक न सापडलेल्या डिस्कच्या ३९ पट झालेली दिसली.

गरमीचा वाद याच अभ्यासातून निघाला. तापमान आणि बिघाडाचा संबंध समजला जातो तेवढा घट्ट नाही असं त्यात निघालं आणि ते वाक्य सगळीकडे फिरलं. पण त्या डिस्क थंड ठेवलेल्या डेटा सेंटरच्या होत्या, आणि त्याच अभ्यासात फार जास्त तापमानाला, खासकरून तीनेक वर्षं वापरलेल्या डिस्कमध्ये, बिघाड वाढलेला दिसतो. चंद्रपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, टिनाच्या खोलीत कॅबिनेट भिंतीला चिकटून असलं की आतली डिस्क ५५ ला सहज टेकते, आणि बहुतेक कंपन्या ६० ची मर्यादा देतात. म्हणून इथल्यापुरतं जुनं मतच धरावं, गरमी डिस्क खाते. पण कूलरचं तोंड थेट कॅबिनेटकडे करू नये, ओली हवा बोर्डाच्या पिनांना गंज आणते.

लाइटचा प्रश्न वेगळा. लिहिताना वीज गेली की सेक्टर अर्धा लिहिला जातो, त्याची पडताळणी जुळत नाही आणि सी५ मध्ये आकडा चढतो. चकतीला तिथे काहीच झालेलं नसतं, त्या जागेवर परत लिहिलं की आकडा उतरतो. सी५ उतरला आणि ०५ वाढला नाही तर डिस्क वाचली समजा, महिनाभर नजर ठेवा. गावात इन्व्हर्टर असूनही हे का होतं, तर मागचं बटण नॉर्मलवर असतं. व्होल्टेज कमी म्हणून ते तसंच ठेवतात, यूपीएसवर केलं की इन्व्हर्टर सारखा बॅटरीवर जातो. नॉर्मलवर मात्र बदल व्हायला इतका वेळ लागतो की कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. कॉम्प्युटरपुरता छोटा वेगळा यूपीएस लावणं हाच सरळ मार्ग.

डेटा काढताना आधी जे परत मिळणार नाही ते घ्यावं, लग्नाचे फोटो, सेवा केंद्र चालवत असाल तर लोकांचे स्कॅन केलेले कागद. सिनेमे नंतर. विंडोजमधल्या चेकडिस्कचं लांबलचक स्कॅन डेटा काढायच्या आधी अजिबात चालवू नका, ते मरत्या डिस्कला पूर्ण फिरवून दमवतं आणि फाइलींची मोडतोडही करू शकतं. डिस्क फारच अडकत असेल तर पेनड्राइव्हवरून उबुंटू (विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टीम) चालू करून डीडी-रेस्क्यू हे डेटा उचलायचं सॉफ्टवेअर वापरावं, ते सोपा भाग आधी उचलतं, अडलेला भाग मागे ठेवतं, आणि नोंदीची फाइल दिली असेल तर लाइट गेल्यावर थांबलं तिथूनच पुढे सुरू करता येतं, आपल्याकडे हा गुण सगळ्यात मोलाचा.

डिस्क फ्रीजमध्ये ठेवायचा उपाय आजही सांगितला जातो. जुन्या डिस्कमध्ये हेड चकतीवरच उतरायचं आणि कधी तिथेच चिकटायचं, थंडीने आकसून ते सुटायचं, अशी त्यामागची समजूत. आता बहुतेक डिस्कमध्ये हेड बाजूच्या उतरंडीवर ठेवलं जातं, आणि फ्रीजमधून काढलेल्या डिस्कवर दव धरतं, म्हणून हे करू नये. तसंच डिस्कच्या खालचा सर्किट बोर्ड काढून त्याच मॉडेलचा दुसरा लावला की चालेल असंही नाही, नव्या डिस्कच्या बोर्डावरच्या चिपमध्ये त्या त्या डिस्कची स्वतःची मापं असतात, ती चिप काढून बसवल्याशिवाय बोर्ड बहुतेक वेळा चालत नाही.