ज्याच्या हाताखाली लढलो

सैन्यात काही वर्षं काढलेल्या माणसाला विचारून पाहा, आजवरचा सर्वांत चांगला अधिकारी कोणता मिळाला? उत्तरात डावपेच क्वचितच येतात. जेवणाच्या रांगेत तो शेवटी उभा राहायचा, प्रत्येकाला नावाने ओळखायचा, तुकडी चिखलात असली की स्वतःही चिखलात झोपायचा, असंच काहीसं ऐकायला मिळतं. देश, काळ, शस्त्रं बदलली तरी या आठवणींचा सूर तोच राहतो. सैन्यांना मात्र ही साधी गोष्ट नियमात बसवायला फार म्हणजे फारच काळ लागला.

सैनिकांच्या तोंडी असणारी गोष्ट इ.स.पू. 401 मध्येही सापडते. पर्शियाच्या गादीसाठी लढणाऱ्या धाकट्या सायरसने सुमारे 10,000 ग्रीक सैनिक पगारावर नेले होते. बॅबिलोनजवळ कुनाक्साच्या लढाईत सायरस पडला. मग बोलणीसाठी बोलावलेल्या ग्रीक सेनानींना दग्याने पकडून ठार मारण्यात आलं. घर शेकडो कोस दूर, वाटाड्या नाही, सेनापती नाही. अशा वेळी सैनिकांनी नवे पुढारी निवडले, त्यांत झेनोफोन होता. एका टेकडीचा माथा शत्रूच्या आधी गाठण्यासाठी तो घोड्यावरून सैनिकांना घाई करत होता. तेव्हा एक सैनिक म्हणाला, तू घोड्यावर आहेस, मी ढाल वाहून दमलोय, आपली बरोबरी कशी होणार? झेनोफोनने खाली उडी मारली, त्याची ढाल काढून घेतली आणि अंगावर घोडेस्वाराचं जड चिलखत असताना तो चालू लागला. शेवटी बाकीच्यांनीच त्या सैनिकाला मारून, शिव्या देऊन ढाल परत घ्यायला लावली. पुढे आर्मेनियात रात्रभर बर्फ पडलं आणि सकाळी कुणी उठेना. झेनोफोन उघड्या अंगाने उठून लाकडं फोडू लागला. लगेच दुसरा उठला, त्याने कुऱ्हाड हातातून घेतली, मग एकेक जण उठून शेकोट्या पेटवू लागला.

हे झेनोफोनने स्वतःच लिहून ठेवलंय, म्हणजे थोडी आत्मस्तुती धरायला हवी. तरीही सैनिकाला तोंडावर तक्रार करता आली, आणि तिला उत्तर शिक्षेने न देता पायी चालून दिलं गेलं, हे मला फार मोलाचं वाटतं. इ.स.पू. 325 मध्ये वाळवंट ओलांडताना शिरस्त्राणात आणून दिलेलं पाणी अलेक्झांडरने सर्वांदेखत ओतून टाकलं, ही प्रसिद्ध कथाही त्याच वळणाची आहे.

पण असे सेनानी लाभणं हा नशिबाचा भाग होता. पुढची कित्येक शतकं युरोपात अधिकारीपद कुळावर किंवा पैशावर मिळत राहिलं. फ्रान्सने 1781 मध्ये बहुतेक थेट नेमणुकांसाठी चार पिढ्यांच्या सरदारकीचा दाखला मागितला. ब्रिटनमध्ये हुद्दे उघडपणे विकत मिळत. एकोणिसाव्या शतकात पायदळातल्या लेफ्टनंट कर्नलच्या जागेचा सरकारी दरच 4,500 पौंड होता. सैनिकाला शत्रूपेक्षा आपल्या अधिकाऱ्याची धास्ती जास्त वाटली पाहिजे, असं प्रशिया या जर्मन राज्याचा राजा दुसरा फ्रेडरिक याचं मत होतं. ही व्यवस्था शिस्त लावू शकत होती, जीव लावू शकत नव्हती.

तडा गेला तो पराभवाने. फ्रेंच क्रांतीने खानदानाची अट मोडली आणि पिंपं बनवणाऱ्याचा मुलगा मिशेल ने आणि खानावळवाल्याचा मुलगा म्युरा हे मार्शल झाले. फ्रान्सच्या याच सैन्याने 1806 मध्ये येना इथे प्रशियाचा धुव्वा उडवला. हादरलेल्या प्रशियाने 1808 मध्ये फर्मान काढलं: शांततेत ज्ञान व शिक्षण, युद्धात शौर्य व समज, एवढीच अधिकारीपदाची पात्रता. ब्रिटनमध्ये हुद्द्यांची विक्री थांबायला 1871 साल उजाडलं.

पहिल्या महायुद्धात काळजी घेणं हुकमात आलं. खंदकातल्या पाण्याने पाय सडू लागले, तेव्हा ब्रिटिश सैन्यात आपल्या माणसांचे पाय तपासणं हे तरुण अधिकाऱ्यांचं नेमाचं काम ठरलं. विशीतल्या पोराने, हातात कंदील घेऊन, वयाने मोठ्या माणसांचे पाय पाहायचे. हेच तरुण हल्ल्याच्या वेळी सर्वांत आधी खंदकाबाहेर पडत. त्या सैन्यात मृत्यूचं प्रमाण अधिकाऱ्यांत जास्त होतं, ते यामुळेच.

या साऱ्या इतिहासात माझं मन अडकतं ते दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश सेनानी विल्यम स्लिम यांच्यापाशी. ब्रिस्टलच्या साध्या व्यापारी घरातला, काही काळ प्राथमिक शाळेत शिकवलेला हा माणूस. 1942 मध्ये ब्रह्मदेशातून सुमारे 900 मैलांची माघार त्यांनी सैनिकांसोबत भोगली. पुढच्या वर्षी ब्रह्मदेशच्या आघाडीवरच्या चौदाव्या सेनेची सूत्रं हाती आली, तेव्हा जखमी होऊन मागे पाठवल्या जाणाऱ्या एका माणसामागे आजाराने जाणारे 120 होते. स्लिम यांनी हिवतापाच्या गोळ्यांची जबाबदारी पलटणींच्या कमांडरांवर टाकली. अचानक रक्त तपासायचं, 95 टक्क्यांपेक्षा कमी लोकांनी गोळी घेतलेली आढळली तर कमांडर घरी. तिघांना काढल्यावर बाकीचे समजले. आघाडीवर शिधा अर्धा झाला की स्वतःच्या मुख्यालयाचाही शिधा ते अर्धा करत. भारतीय आणि गुरखा सैनिकांशी त्यांच्या भाषेत बोलत. त्या सेनेत ते 'अंकल बिल' म्हणून ओळखले जात.

त्याच युद्धात निवडीची पद्धतही बदलली. ब्रिटनमध्ये 1942 पासून उमेदवारांना नेता न नेमता गटाने एखादं काम दिलं जाई, आणि कोण पुढे होतो, कोण दुसऱ्याचं ऐकतो हे मानसतज्ज्ञांसह मंडळ पाहत असे. अमेरिकी लष्कराने पाच लाखांहून अधिक सैनिकांना प्रश्नावल्या दिल्या. 1949 मध्ये निष्कर्ष छापून आले. अधिकाऱ्यांच्या खास सवलतींचा राग पिछाडीला सर्वांत जास्त होता. आघाडीवर सगळेच एका खड्ड्यात, तिथे तो कमी. झेनोफोनच्या ढालीची गोष्ट आता आकड्यांत आली होती.

एवढं कळूनही ते निसटतं. 14 नोव्हेंबर 1965 ला व्हिएतनाममधल्या इया द्रांगच्या खोऱ्यात अमेरिकेचे लेफ्टनंट कर्नल हॅल मूर आपल्या बटालियनच्या पहिल्याच हेलिकॉप्टरमधून उतरले. तीन दिवसांच्या भीषण लढाईनंतर आपली माणसं निघेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. लढाईआधी ही बटालियन त्यांच्याच हाताखाली एक वर्षाहून अधिक काळ सराव करत होती. पुढे मात्र त्या युद्धात सैनिकाने साधारण 12 महिने राहायचं आणि तुकडीच्या कमांडरने सहाच महिन्यांत बदलायचं, असा रिवाज पडला. माणसं ओळखीची होतात तोच अधिकारी जाई आणि नवखा येई. तिथे वर्ष काढलेल्या कित्येकांना कंपनी कमांडर कोण होता असं विचारलं, तर आधी विचारावं लागतं, कोणत्या महिन्यातला?