सातपुड्यातील कुडाचे घर ‘कच्चे’ नसते

नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा-धडगावकडची भिल्ल-पावरा घरे म्हणजे पावसाळ्यापुरती उभारलेली खोपटी, असा समज खानदेशात कित्येक वर्षे रूढ आहे. बांबूच्या विणलेल्या भिंती, म्हणजे कूड, पाहून तो होतो. मात्र या घरात भिंतीवर छपराचा भार नसतोच. जमिनीत खोल पुरलेल्या, वर दुबेळके (दोन फांद्यांचा फाटा) असलेल्या सागाच्या मेढी, म्हणजे खांब, आडे (आडवी तुळई) पेलतात, आड्यावर वासे टेकतात आणि त्यांवर गवत किंवा कौले चढतात. कूड हा केवळ आडोसा असतो. शेण-मातीने सारवलेला, आणि सारवण उडालेल्या जागी बांबूची वीण उघडी पडलेला (परका माणूस नेमके तेवढेच पाहतो). सागाच्या पक्व गाभ्यातील नैसर्गिक द्रव्यांमुळे त्याला वाळवी सहसा लागत नाही, म्हणून कूड काही वर्षांनी बदलला तरी मेढी त्याच राहतात. सांगाडा सुटा करून पुन्हा उभा करता येतो. सरदार सरोवरामुळे विस्थापित झालेल्या कित्येक कुटुंबांनी घराची लाकडे सोबत नेली होती. सरकारी नोंदीतील ‘कच्चे’ हा शब्द साहित्याचे वर्गीकरण सांगतो, घराचे आयुष्य नव्हे.