रिमोट अ‍ॅप आणि स्क्रीन मिररिंग: फोनमधून चित्र जाते की नुसती आज्ञा?

मीडिया प्लेअरचा, म्हणजे टीव्हीला जोडून चित्रपट-मालिका दाखवणाऱ्या उपकरणाचा, रिमोट हरवला की 'फोनवरून कास्ट करा' हा सल्ला हमखास मिळतो, आणि ज्याला केवळ मालिकेचा पुढचा भाग लावायचा असतो तो फोनचा अख्खा पडदा टीव्हीवर आणून बसतो. रिमोट अ‍ॅप, म्हणजे फोनलाच प्लेअरचा रिमोट बनवणारे अ‍ॅप, आणि मिररिंग यांची ही गल्लत मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

मिररिंग बहुतेकांनी वापरलेले असते. फोनच्या पडद्यावर जे दिसते ते टीव्हीवर दिसते, मधेच आलेल्या कॉलसह; फोन उभा धरला तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

नीट समजून घ्यायची गोष्ट एकच आहे: चित्र कोणत्या वाटेने टीव्हीपर्यंत पोहोचते. मिररिंगमध्ये फोन आपल्या पडद्याचे दृश्य सतत व्हिडिओत रूपांतरित करून वाय-फायवरून पाठवत राहतो, म्हणूनच तो तापतो आणि त्याची बॅटरी झपाट्याने उतरते. रिमोट अ‍ॅपमध्ये चित्रपटाचा एक कणही फोनमधून जात नाही. कोडी या मीडिया प्लेअरवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचे उदाहरण घ्या. प्लेअरला जोडलेल्या हार्ड डिस्कवर २० जीबीचा चित्रपट आहे आणि तुम्ही 'कोर' या कोडीच्या अधिकृत अँड्रॉइड रिमोट अ‍ॅपमध्ये पॉजचे बटण दाबले, तर घरातल्या नेटवर्कवरून प्लेअरकडे 'प्लेअर डॉट प्लेपॉज' अशी एका ओळीची आज्ञा जाते, इतकेच. फाइल वाचणे, ती उलगडणे आणि टीव्हीवर दाखवणे हे सारे काम प्लेअरच करतो.

गोंधळाचे मूळ, माझ्या मते, पोस्टरांमध्ये आहे. अ‍ॅप उघडले की चित्रपटांची पोस्टरे, कलाकारांची नावे आणि पुढे सरकणारी वेळेची पट्टी फोनवर दिसते, त्यामुळे चित्रपट फोनमध्येच असल्याचा समज होतो. वास्तविक अ‍ॅपने ती यादी प्लेअरकडून मागून घेतलेली असते, आणि पट्टीसुद्धा प्लेअरने कळवलेल्या वेळेनुसार सरकते. खात्री करायची असेल तर चित्रपट चालू असताना फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि वाय-फायही बंद असल्याचे पाहा. मिररिंग तत्काळ तुटेल. रिमोट अ‍ॅपच्या बाबतीत आज्ञा देता येणार नाहीत, परंतु चित्रपट शेवटपर्यंत चालेल.

हा फरक ध्यानात न घेतल्यामुळे लोक भलत्याच ठिकाणी दोष शोधतात. रिमोट अ‍ॅप वापरताना चित्र अडखळले म्हणून नवा फोन घेणे व्यर्थ आहे, कारण दोष प्लेअरमध्ये, डिस्कमध्ये किंवा प्लेअरच्या स्वतःच्या नेटवर्क जोडणीत असणार. मिररिंगमध्ये मात्र फोनवर संशय घेणे रास्त आहे.

'कास्ट' या शब्दाने घोळ आणखी वाढवला आहे, आणि तो सरसकट वापरणे मला मुळीच पटत नाही. २०१३ साली आलेल्या क्रोमकास्टवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गुगलच्या छोट्या उपकरणावर, एखाद्या अ‍ॅपमधून इंटरनेटवरचा व्हिडिओ कास्ट केला, तर फोन फक्त पत्ता कळवतो आणि व्हिडिओ ते उपकरण स्वतः आणते. म्हणजे हा प्रकार रिमोटच्या जवळचा झाला. परंतु अनेक अँड्रॉइड फोनांवर 'स्क्रीन कास्ट' म्हणून जे मिळते ते निव्वळ मिररिंग असते.

रिमोट अ‍ॅपला प्लेअर सापडत नसेल, तर प्रथम दोन्ही उपकरणे एकाच नेटवर्कवर आहेत का ते पाहावे. पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर असलेल्या फोनला बहुधा प्लेअर दिसतच नाही. त्यानंतर कोडीच्या सेटिंग्जमध्ये 'सर्व्हिसेस'खालील 'कंट्रोल' या भागात एचटीटीपीवरून, म्हणजे ब्राउझर वापरतो त्याच नेटवर्क पद्धतीने, नियंत्रणाची परवानगी द्यावी. तेथील पोर्ट, म्हणजे ज्या क्रमांकावर प्लेअर आज्ञा स्वीकारतो तो, मुळात ८०८० असतो. पासवर्ड अवश्य ठेवावा, आणि हा पोर्ट राउटरमधून बाहेरच्या इंटरनेटसाठी कधीही उघडू नये.

घरातल्या डिस्कवरचा संग्रह पाहायचा असेल तर मी नेहमी रिमोट अ‍ॅपच सुचवतो. शिवाय चित्रपटाचे नाव शोधताना टीव्हीवर बाणांच्या कळांनी एकेक अक्षर गाठावे लागत नाही. फोनच्या कीबोर्डवर ते सरळ लिहिता येते. फोनमधले घरगुती फोटो चार जणांना एकत्र दाखवायचे असतील, तर तेथे मिररिंग योग्य आहे.