मेक्सिकन सिनेमा: ऑस्करवाल्या तिघांच्या आधी काय काय झालं

क्वारोन, इन्यारितू आणि डेल तोरो या तिघांनी मिळून 2014 ते 2019 मध्ये बेस्ट डिरेक्टरचं ऑस्कर पाच वेळा घरी नेलं, त्यामुळे मेक्सिकन सिनेमा म्हटलं की आपली गाडी तिथूनच सुटते. पण त्याआधीची गोष्ट जास्त भारी आहे, आणि त्यात पडद्यावरच्या लोकांपेक्षा पडद्यामागच्या सरकारांचाच हात मोठा.

सुरुवात साधारण आपल्यासारखीच. सिनेमाचा खेळ सुरू करणाऱ्या फ्रान्सच्या लुमिएर बंधूंच्या माणसांनी 7 जुलै 1896 ला मुंबईत वॉटसन हॉटेलात खेळ केला आणि महिन्याभरात, 6 ऑगस्टला, मेक्सिकोत राष्ट्राध्यक्ष डियाझला चापुल्तेपेकच्या किल्ल्यात फिल्मा दाखवल्या. म्हातारा इतका खूश की स्वतः घोड्यावर बसून शूटिंग करून घेतलं. पुढे 1910 ला क्रांती पेटली, त्याची गादी गेली, आणि तेही लोकांनी शूट केलं. क्रांतीतला सेनापती पांचो व्हिया, त्याने तर 1914 ला अमेरिकन कंपनीशी आपल्या लढायांचं चक्क काँट्रॅक्ट केलं! (उजेड असेल तेव्हाच लढायचं अशी अट होती म्हणतात, ती मात्र दंतकथाच.)

1936 ला गाणारे घोडेस्वार आणि रँचवरची प्रेमप्रकरणं असा फॉर्म्युला तुफान चालला. पण खरा टर्न आला दुसऱ्या महायुद्धात. तेव्हा कच्ची फिल्म म्हंजे सोनं, आणि ती अमेरिकेच्या हातात. स्पॅनिश भाषेतल्या सिनेमात अर्जेंटिना जोरात होता पण तो युद्धात न्यूट्रल राहिला, म्हणून अमेरिकेने त्याचा पुरवठा आवळला. मेक्सिको मे 1942 ला दोस्तांच्या बाजूने उतरला, त्याला मात्र भरपूर रीळ. अख्ख्या लॅटिन अमेरिकेचं मार्केट आयतं हातात आलं, आणि ज्याला सुवर्णकाळ म्हणतात तो बराचसा या रिळांवर उभा आहे.

अर्थात नुसत्या रिळाने काय होतंय, टॅलेंटही होतंच. एमिलिओ फर्नांडिसचा 'मारिया कांडेलारिया' बघा. सोचिमिल्कोचे कालवे, फुलांनी भरलेल्या होड्या, त्यात नायिका डोलोरेस डेल रिओ, आणि वर कॅमेरामन फिगेरोआने टिपलेलं ते आभाळ. 1946 ला फ्रान्सच्या कान फिल्म फेस्टिव्हलमध्ये मोठं बक्षीस ज्या अकरा सिनेमांत वाटलं गेलं त्यात हा होता, आणि आपल्या चेतन आनंदचा 'नीचा नगर' पण!

मग 1950 ला दिग्दर्शक बुन्युएलने 'लॉस ऑल्विदादोस'मध्ये राजधानीतल्या झोपडपट्टीतली पोरं दाखवली, तर देशाची बदनामी केली म्हणून एवढा गदारोळ झाला की आठवड्याच्या आत सिनेमा उतरवला. पुढच्या वर्षी कानला त्याला बेस्ट डिरेक्टर मिळालं आणि तोच सिनेमा पुन्हा थिएटरात लागला. बाहेरच्यांनी शाबासकी दिल्याशिवाय घरच्यांना पटत नाही, हे तिकडेही आहे.

साठच्या दशकात मास्कवाला पैलवान सांतो भुताखेतांना आपटत होता, ते धमाल प्रकरण वेगळंच. सत्तरच्या दशकात राष्ट्राध्यक्ष एचेवेरियाने भावाला फिल्म बँकेवर, म्हंजे सिनेमांना पैसा पुरवणाऱ्या सरकारी बँकेवर बसवलं, आणि वशिला असून काम चांगलं झालं, सरकारी पैशातून 'कानोआ'सारखा अंगावर येणारा सिनेमा निघाला. पुढचा राष्ट्राध्यक्ष आला, त्याने बहिणीला रेडिओ-टीव्ही-सिनेमाच्या सरकारी खात्यावर बसवलं, तिच्या काळात ती बँकच बंद झाली. आणि 24 मार्च 1982 ला सिनेटेका नॅशनल, म्हंजे त्यांचं फिल्म अर्काइव्ह, शो चालू असताना पेटलं. जुनी नायट्रेट फिल्म तिथेच ठेवलेली, ती एकदा पेटली की पाण्यालाही ऐकत नाही. माणसं गेली, हजारो प्रिंट गेल्या.

त्यानंतर वर्षानुवर्षं थिएटरात बहुतेक चावट कॉमेड्याच. 1983 ला इमसिने ही सरकारी संस्था निघाली आणि नव्या पोरांना थोडा आधार मिळाला. 2000 ला इन्यारितूचा 'अमोरेस पेरोस' आला, मग जग वळून बघायला लागलं.

आणि क्वारोनचा 'रोमा' पाहिला असेल तर फर्निचरच्या दुकानाच्या खिडकीतून दिसणारा तो गोळीबार आठवा. ती 10 जून 1971 ची विद्यार्थ्यांवरची खरीखुरी घटना, आणि तेव्हा खुर्चीवर कोण, तर हाच सिनेमाला पैसे देणारा एचेवेरिया.